शनिवारी जाऊ नकोस म्हणाली होती

३ नोव्हेंबर, सोमवार

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचं हे जर्नल कोरंच राहिलं होतं. कॉलेज सोडलं तेव्हा पुस्तकं विकली, हे कुणी घेईना. आज त्यात लिहायला बसलो, कारण तोंडानं कुणाशी बोललो तर भांडणच होईल.

उजवा हात बांधलेला आहे, अक्षर वाकडं येतंय. काल संध्याकाळी ज्योतीनगरला मृण्मयीच्या फाटकासमोर उभं राहून तिला हाका मारल्या. फोनच उचलत नव्हती. माणसानं काय करायचं? आत लाईट चालू, पण कुणी बाहेर येईना. मग भिंतीवरच्या कुंड्या एकेक करून खाली ढकलल्या. शेवटची ढकलायच्या ऐवजी बुक्की घातली. वर गॅलरीत अंधारात कुणीतरी उभं होतं. तिचे बाबा असतील असं समजून त्यांनाही बोललो. काय बोललो ते आठवत नाही. बरंच आहे.

थोडी घेतली होती. लिहून ठेवतो, खोटं कशाला. पण घेतली म्हणून फोडल्या असं नाही. राग होता म्हणून फोडल्या. हा फरक मृण्मयीला कळत नाही.

ताईनं हळद लावून हात बांधला. दाजींनी टीव्हीचा आवाज वाढवला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मृण्मयी भेटली. औरंगपुऱ्यात रसवंतीवर. साड्यांच्या दुकानातून तासाभराची सुट्टी मागितली तर शेठ म्हणाला, लग्नसराईत गुलमंडीत पाय ठेवायला जागा नाही अन् नवाबसाहेब फिरायला निघाले. तरी गेलो.

ती पिवळ्या ड्रेसमध्ये आली होती. मला वाटलं आता रडेल, ओरडेल. काहीच नाही. रसाचा ग्लास उचलला, आधी वास घेतला, मग प्यायली. तिची ही सवय मला पहिल्या दिवसापासून आवडते. पाणी असो, चहा असो, आधी नाकाजवळ नेणार. माझा ग्लासही तिनं हुंगून मग माझ्याकडं सरकवला. तिच्या डाव्या मनगटाच्या वर भाजल्याचा जुना डाग आहे, पानासारखा. बाही वर गेली की तो दिसतो आणि मी काय बोलत होतो ते विसरतो.

"छावणीत दर बुधवारी ग्रुप भरतो," ती म्हणाली. "दारू सोडणाऱ्यांचा. जा तिथं."

"मी काय बेवडा आहे?"

"ते मला विचारू नकोस. तिथं जाऊन विचार."

"बुधवारी दुकानात माल येतो. दुसऱ्या वारी नसतो का?"

"रविवारी सकाळी सिडकोत असतो. शनिवारी क्रांती चौकाजवळ एका शाळेत असतो. पण शनिवारच्या ग्रुपला जाऊ नकोस."

"का?"

"तिथं सगळी वयस्कर माणसं असतात. तुला कंटाळा येईल."

हिला सगळे वार तोंडपाठ. माझ्यासाठी रात्रंदिवस शोधत बसली असेल बिचारी. म्हणजे प्रेम आहे! घरी येईपर्यंत शिट्टी वाजवत आलो.

तिच्या आईला कुंड्यांचं कळलं का विचारलं. म्हणाली, आई पुण्याला मावशीकडं आहे. गेलं वर्षभर ती पुण्यालाच आहे. मला वाटतं बापानं टाकली असणार. मोठ्या घरात असलं झाकून ठेवतात.

१२ नोव्हेंबर, बुधवार

छावणीत गेलो. फाटकापर्यंत. आत एक माणूस चप्पल काढताना दिसला तो आमच्या फर्दापूरचा. लेणी बघायला येणाऱ्यांची गाडी चालवतो आणि रोज माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हॉटेलात चहाला थांबतो. त्यानं मला बघितलं असतं तर उद्या सकाळी पहिल्या चहाबरोबर अण्णांना बातमी. पुंजारामचं पोरगं इंजिनिअर व्हायला गेलं अन् बेवड्यांच्या रांगेत बसलं.

परत फिरलो. परत फिरल्याचा राग आला म्हणून येताना घेतली. मृण्मयीला मेसेज केला, जाऊन आलो. तिनं हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

छावणी माझ्यापुरती बंद, सिडकोचं सकाळी उठणं होत नाही, राहिला शनिवार. वयस्कर तर वयस्कर. तिला सांगायची काय गरज?

क्रांती चौकातून आत वळलं की शाळा. बालवाडीच्या वर्गात मीटिंग भरते. भिंतीवर कमळ, खटारा, गवत. बाक एवढे बुटके की मोठमोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. मला हसू आलं. शेजारच्या पांढऱ्या दाढीवाल्यानं पण दात काढले. "हँस लो भाई. मैं भी पहले दिन हँसा था. बोला था, चाय पी को जातूं. आठ साल हो गए, चाय खतमच नै हो री."

पुढं कडुबाकाका. एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आवाज इंजिनसारखा. "मी कडुबा. मी बेवडा हाय." सगळे एका सुरात: नमस्कार, कडुबा. एकेक जण तसंच सांगत माझ्यापर्यंत आले. मी म्हणालो, "मी इंद्रजीत. मी नुसता बघायला आलोय."

"बघ की," कडुबाकाका म्हणाले. "आमी काय तिकीट लावलं नाय. फकस्त एक ध्यानात ठेव. हितं जे ऐकशील ते हितंच ठेवून जायचं. बायकोला नाय, दोस्ताला नाय, देवाला पन नाय. त्यो ग्रुपात आला तरच त्याला सांगायचं."

एकच बाई होती. उमाताई. पन्नाशीच्या, कॉटनची साडी, शाळेत संस्कृत शिकवायच्या. अशी बाई इथं कशी, मला कळेना. वाटलं समाजकार्याला येत असतील. पण त्यांनीही तेच वाक्य म्हटलं, पाढा म्हणावा तसं सरळ. माझ्याकडं मात्र सारख्या बघत होत्या. नंतर चहाचा कप घेऊन आल्या.

"हाताला काय झालं?"

"कुंडी फुटली."

"फुटली की फोडलीस?"

मी दचकलो. त्या हसल्या. "चहा घे. गार होतोय."

मास्तरीण बाई, पोरांचं खोटं लगेच ओळखत असणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून तीन वेळा ओकलो. दोन दिवस वरणाला कसला तरी कडवट वास येत होता. ताईला दरडावून विचारलं तेव्हा रडायला लागली. जाहिरात बघून कुठल्यातरी वैदूकडून पुडी आणली होती, 'नकळत दारू सोडवा'. मला नकळत वरणात घालत होती. दाजींनीही तेच वरण खाल्लं आणि ते आयुष्यात कधी प्यायले नाहीत. ते माझ्याआधी मोरीत पोचले होते.

मी ताट भिरकावलं. ताई म्हणाली, "मग काय करू रे मी? सांग ना, काय करू?"

तिला सांगावंसं वाटलं की मी एका ठिकाणी जातोय. सांगितलं नाही. ताट उचललं, फरशी पुसली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

या आठवड्यात घेतली नाही. म्हणजे मंगळवारी वाटलं होतं, पण कडुबाकाकांना फोन केला. ते म्हणाले, आत्ता नको घेऊ, जेवून घे, मग बघू. जेवलो. मग झोप आली.

आज उमाताई बोलल्या. सगळं लिहीत नाही. पण एक लिहिल्याशिवाय झोप येणार नाही, आणि हे जर्नल तर कुणी वाचत नाही.

त्यांची मुलगी पाच वर्षांची होती. तेव्हा त्या सकाळीच घ्यायला लागल्या होत्या, देवघरातल्या गंगाजलाच्या गडूत लपवून. एका सकाळी उकळतं दूध उतरवताना हात थरथरला आणि सगळं पातेलं मुलीच्या अंगावर गेलं. दवाखान्यात, घरात, सगळ्यांना त्यांनी सांगितलं की पोरीनंच ओढलं, फार हट्टी आहे. "आता ती मोठी झाली," उमाताई म्हणाल्या. "कुणी विचारलं तर अजून तेच सांगते. माझाच हट्टीपणा, म्हणते. मी शेजारी बसून ऐकते. तिला खरं सांगायचं म्हणून कितीदा वाक्य जुळवलं. पहिल्या शब्दालाच घसा बंद होतो."

कडुबाकाका म्हणाले, "हितं सांगितलं ना. घसा हळूहळू मोकळा व्हतो, ताई."

मला आधी त्या बाईचा रागच आला. मग त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि राग कुठं ठेवावा कळेना. भाजल्याचा डाग मृण्मयीलाही आहे. ताईच्याही पायाला आहे, चुलीचा. प्रत्येक घरात एखादं पोर भाजतंच.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मला चहाची सेवा दिलीय. म्हणजे अर्धा तास आधी जायचं, किटली भरायची, कप मांडायचे. इंजिनिअर होता होता किटलीवाला झालो! पण गेल्या गेल्या सगळे विचारतात, चहा तयार का रे इंद्रजीत, तेव्हा बरं वाटतं.

उमाताईही लवकर आल्या होत्या. कप पुसता पुसता मी त्यांना मृण्मयीचं सगळं सांगितलं. नाव नाही सांगितलं, 'ती' म्हणालो. ती किती हुशार आहे, तिच्या घरचे कसे नाक वर करून असतात, तिची आई कशी मुलीला सोडून पुण्याला जाऊन बसलीय.

उमाताईंच्या हातातला कप खाली पडला. स्टीलचा होता, वाचला.

"तू या ग्रुपला येतोस हे तिला माहीत आहे?"

"नाही. तिला वाटतं छावणीत जातो."

"सांगून टाक."

"का? फरक काय पडतो?"

त्यांनी कप उचलून पुन्हा पुसला. मग म्हणाल्या, "मीच सिडकोच्या ग्रुपला जाऊ का असा विचार करतेय."

"नका ना जाऊ. तुम्ही आहात म्हणून तर मी येतो." खरंच आहे ते. तोंडातून निघून गेलं.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, अगदी क्षणभर. "बरं. नाही जात."

आई वारल्यापासून असा हात कुणी ठेवला नव्हता.

७ डिसेंबर, रविवार

डोकं फुटायची वेळ आलीय. सगळं लिहितो.

निराला बाजारात चहाला भेटलो. मी इस्त्री केलेला शर्ट घालून गेलो होतो. तिला सांगितलं, महिना होत आला, थेंब नाही, आता तरी घरी लग्नाचं बोल. वाटलं होतं खूश होईल.

ती म्हणाली, "मला बरं वाटलं, खरंच. पण मी वचन देणार नाही. मला आयुष्यभर कुणाच्या ग्लासाचे वास घेत बसायचं नाही."

"म्हणजे विश्वास नाही?"

"तुझ्यावर नाही असं नाही. या गोष्टीवरच नाही."

डोकं सटकलं. "तुला काय माहीत दारू म्हणजे काय? तुमच्या घरात स्तोत्रं म्हणतात, सोवळं पाळतात. आमच्यातलेच काय ते बेवडे, नाही का?"

"मी असं कधी म्हणाले?"

"म्हणायला कशाला पाहिजे? तुला सांगतो, आमच्या ग्रुपात तुमच्यातलीच एक बाई आहे. संस्कृतची मास्तरीण. गंगाजलाच्या गडूत दारू ठेवायची!"

तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, बरोबर जागी लागलं.

"छावणीच्या ग्रुपात बायका नाहीत," ती म्हणाली.

"मी छावणीत जातच नाही. क्रांती चौकात जातो."

तिनं कप बाजूला सरकवला. मग अगदी हळू म्हणाली, "पुढं सांग. काय काय सांगितलं त्या बाईनं?"

आणि मी सांगितलं. मला माहीत होतं सांगायचं नसतं. जिंकायचं होतं मला. दुधाचं सांगितलं, पोरीवर ढकललं तेही सांगितलं.

"दूध कुणाच्या हातून सांडलं म्हणालास?"

"आईच्याच. प्यायलेली होती ना."

तिनं डावी बाही बोटांपर्यंत खाली ओढली. उठली. चहा तसाच. मी मागून हाका मारत होतो आणि ती निराला बाजारच्या गर्दीतून सरळ चालत गेली, गाड्या थांबल्या तिच्यासाठी.

एवढं काय झालं? त्या बाईचं ऐकून एवढं?

८ डिसेंबर, सोमवार

दुकानात एका नवरीच्या आईला शालू दाखवत होतो. ती म्हणाली, अहो, थांबलात का, उलगडा ना.

आई पुण्याला. शनिवार नको. सगळ्या ग्रुपांचे वार पाठ. ग्लासाचा वास.

मी गाढव आहे. नाही, गाढव ओझं तरी जिथं सांगितलं तिथंच टाकतं.

९ डिसेंबर, मंगळवार

प्यायलो.

११ डिसेंबर, गुरुवार

कालही. ताईनं आज पुडी वगैरे काही घातली नाही. साधं वरण होतं. तेच जास्त लागलं.

१३ डिसेंबर, शनिवार

जायचं नव्हतं. पण किटलीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडं होती.

उमाताई आल्या नाहीत. सगळे दाराकडं बघत होते. मी उभा राहिलो आणि सांगितलं. इथलं बाहेर नेलं, कुणाचं नेलं, कुणापाशी नेलं. परत प्यायलो तेही. शेवटी म्हणालो, मला काढून टाका.

पांढऱ्या दाढीवाला खाली बघत होता. कडुबाकाका बोलले.

"वाईट केलंस. लई वाईट केलंस. मारावं वाटतंय तुला." मग किटलीकडं बोट केलं. "पन हितं काढायची पद्धत नाय. काढत असते तर मी पयल्याच हप्त्यात गेलो असतो, अन् माझ्या मागं हे सगळे. चहा वाट."

वाटला. कुणी कप नाकारला नाही. तेही सोसवेना.

नंतर काकांनी बाहेर जाऊन उमाताईंना फोन लावला. परत आले. "बुधवारपासून पुन्हा प्यायला सुटलीय ती. उद्या सकाळी जायचंय. आपल्यात एकटं जात नाय, दोघं जातात. तुला घेऊन या म्हनाली."

"मला?"

"मी पन तेच विचारलं."

१४ डिसेंबर, रविवार

कडुबाकाकांच्या मोपेडवर मागं बसून गेलो. ज्योतीनगर. भिंतीवर नवीन कुंड्या होत्या, प्लास्टिकच्या.

दार मृण्मयीनं उघडलं. डोळे सुजलेले. काकांना म्हणाली, "या काका." मग माझ्याकडं न बघता, "तुम्हीही या."

तुम्ही. दोन वर्षांत पहिल्यांदा.

तिचे बाबा नव्हते. "अशा वेळी ते फिरायला जातात," ती म्हणाली, हवेत म्हणावं तसं.

उमाताई खुर्चीत बसल्या होत्या, केस ओले, अंगावर शाल. काकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि नुसते बसले. मी सतरंजीच्या कडेवर. जरा वेळानं उमाताई माझ्याशी बोलल्या.

"पहिल्या दिवशीच ओळखलं होतं तुला. कुंड्या फोडल्यास तेव्हा गॅलरीत मीच होते."

"मग इथं घरी का नाही सांगितलं?"

"तिथलं इथं आणायचं नसतं म्हणून."

मी हात जोडले. माफ करा म्हणणार होतो, त्यांनी थांबवलं.

"माफीचं नंतर. इतकी वर्षं ते एक वाक्य जुळवत होते मी. वाईट होतं, पण माझं होतं. तिला मी सांगायचं होतं. तू ते घेऊन गेलास आणि भांडणात वापरलंस."

काका खाकरले. मृण्मयी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"खरं कळलं याचा मला राग नाही," ती म्हणाली. "माझ्या आधी ते तुम्हाला कळलं होतं, याचा आहे. बालवाडीच्या वर्गात पंधरा माणसांना माहीत, अन् मला नाही."

"मृण्मयी, मी—"

"आईला यापुढं शनिवारी मी नेऊन सोडेन. तुम्ही तिथं असाल, तर असा. ती म्हणते असू दे. पण माझी वाट बघू नका."

येताना काकांच्या पाठीला डोकं टेकून रडलो. क्रांती चौकाच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायला लागला. काका त्याला म्हणाले, "बघतो काय? दात दुखतोय त्याचा."

१९ डिसेंबर, शुक्रवार

ताईला ग्रुपचं सांगितलं. ती म्हणाली, "तिथं जेवायला देतात का?" मी म्हणालो, चहा. "मग जाताना खाऊन जात जा."

उद्या जायचं की नाही, हेच दिवसभर. गेलो तर मृण्मयी बाहेर दिसेल. नाही गेलो तर दिसणार नाही. दोन्ही नको वाटतं. दुपारी बारच्या दारापर्यंत पाय गेले, खरं सांगतो.

२० डिसेंबर, शनिवार

लवकर गेलो. किटली भरली, कप मांडले. सगळे येत गेले. एक बाक रिकामा. कुणी त्यावर बसेना.

मग बाहेर स्कूटी थांबल्याचा आवाज आला. मी तो आवाज कुठंही ओळखतो. खिडकी माझ्या पाठीमागंच होती, नुसती मान वळवली असती तरी झालं असतं. कप भरत राहिलो. एक उतू गेला.

उमाताई आल्या. माझ्यापासून लांब बसल्या. चहा द्यायला गेलो तर घेतला, वर बघितलं नाही. परत वळलो तेव्हा मागून म्हणाल्या, "हातावर सांडलंय तुझ्या. थंड पाणी लाव."

मीटिंग सुरू झाली की कडुबाकाका दार लावतात, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. ते उठले. बाहेर स्कूटी सुरू झाल्याचा आवाज अजून आला नव्हता.

"राहू द्या आज," उमाताई म्हणाल्या.

काकांनी सगळ्यांकडं बघितलं. पांढऱ्या दाढीवाल्यानं मान हलवली. कुणीच नाही म्हणालं नाही. काका दार तसंच ठेवून येऊन बसले.

उमाताई उभ्या राहिल्या. सुरुवातीला आवाज फुटेना. मग एकदम मोठ्यानं, वर्गाबाहेरच्या पटांगणापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं त्या बोलायला लागल्या.

मी हात पाण्यात धरून ऐकत होतो. पुढचं लिहिणार नाही.